पंचगंगा मोबिलिटीच्या वहिनी

वहिनी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी त्याच्या चाकांकडे. मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवरून आम्ही दोघी चाललो असलो आणि समोरून कुणी बाबागाडी ढकलत आलं, कुणी म्हातारी चाकांची पिशवी ओढत आली, की वहिनींचं बोलणं मध्येच थांबे. मान किंचित तिरकी होई. "मागचं उजवं," त्या पुटपुटत, "बेअरिंग गेलंय." मी एकदा चिडून म्हटलं, "वहिनी, मी तुम्हाला सासूबाईंच्या ऑपरेशनचं सांगत होते." "ऐकतेय की," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता घरात चिडचिड करतायत. पण त्या बाईंची पिशवी भर रस्त्यात बसणार आहे, ते त्यांना कुणी सांगायचं?" आणि खरोखरच मागे वळून सांगून आल्या.

माझी त्यांची पहिली भेटही चाकामुळेच झाली. रीडिंगच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता. आरती संपून प्रसादाची रांग लागली होती. मी या देशात नवीन, लेक जेमतेम वर्षाची, आणि कुणीतरी दिलेली जुनी बाबागाडी सारखी एका बाजूला ओढ घेत होती. काठापदराची साडी नेसलेल्या एक बाई आल्या, म्हणाल्या, "बाळाला घे जरा कडेवर," आणि त्यांनी ती गाडी तिथेच सतरंजीवर उलटी केली. अंबाड्यातला आकडा काढून पुढच्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेले केस उपसायला लागल्या. काळे केस, सोनेरी केस, कुणाच्या तरी कुत्र्याचे पांढरे केस. तो पुंजका माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघ, किती घरं फिरून आलीये तुझी गाडी."

भोवतीच्या बायका पदर सावरत लांब सरकल्या. माझा नवरा महेश धावत आला. "अगं, या आपल्या सतीशच्या मिसेस. वहिनी, राहू द्या ना, कशाला तुम्ही..." तोवर गाडी सरळ झाली होती. सतीशभाऊजी आणि महेश एकाच ऑफिसात, म्हणून त्या माझ्या वहिनी. पुढे रीडिंगपासून स्टॅनमोरपर्यंतची मराठी मंडळी त्यांना 'कंपनीवाल्या वहिनी' म्हणू लागली. आधी हसत हसत म्हणायची. नंतर त्या हसण्यातला बोचरेपणा गेला आणि नाव तेवढं राहिलं.

वहिनी इचलकरंजीच्या. वडिलांचं सायकलचं दुकान. दुकानात बसूनच त्यांनी अभ्यास केला, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि पुण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याची नोकरी केली. लग्नानंतर भाऊजींच्या व्हिसावर इकडे आल्या. इथल्या सरकारी भाषेत नवऱ्याबरोबर आलेली बायको ही त्याची 'डिपेंडंट'. वहिनींना तो शब्द मुळीच सोसायचा नाही. "आश्रित म्हणे! मी काय धर्मशाळेत उतरलेय?" त्यांनी नोकरीसाठी खूप ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे एकच प्रश्न, इथल्या कामाचा अनुभव आहे का? एका मुलाखतीत त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही नोकरी दिलीत तर होईल ना इथला अनुभव?" समोरचे साहेब मनापासून हसले, चहा पाजला आणि नोकरी मात्र दिली नाही.

मग त्या एका चॅरिटी शॉपमध्ये बिनपगारी जाऊ लागल्या. लोकांनी दान केलेले कपडे, कपबशा, पुस्तकं तिथे येत. तशाच चाकाच्या खुर्च्याही येत. बहुतेक थोड्याशाच बिघडलेल्या, पण दुकानाला त्या विकता येत नसत आणि त्या भंगारात जात. वहिनी एकेक घरी आणू लागल्या. त्यांच्या बसायच्या खोलीत सोफ्याच्या जागी खुर्च्यांची चळत लागली. दुरुस्त झालेल्या खुर्च्या परत जाऊ लागल्या, तशी माणसंच विचारत आली, आमचीही बघाल का? तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं की गावात कितीतरी म्हातारी माणसं नुसती वाट बघत बसलेली आहेत. कुणाचा ब्रेक ढिला, कुणाचं टायर बसलेलं, चालता न येणाऱ्यांसाठी इथे बॅटरीवरची बसकी स्कूटर असते, कुणाच्या तिची बॅटरी मेलेली. दुरुस्तीवाला आठवडे आठवडे येत नाही. "एका नटासाठी माणूस घरात कोंडला जातो गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "आमच्याकडे सायकल बिघडली तर माणूस निदान चालत जातो. यांनी काय करायचं?"

कंपनी काढायची हे त्यांनी ठरवलं, तेव्हा गंमत अशी झाली की घरात कायद्याने मोकळ्या फक्त त्याच होत्या. भाऊजींचा व्हिसा त्यांच्या ऑफिसच्या कामापुरता बांधलेला. आश्रित वहिनींना मात्र कुठलंही काम करायला, धंदा काढायलाही, मुभा. भाऊजी इंजिनिअर, हौशी माणूस. शनिवारी बाह्या सरसावून यायचे. वहिनी त्यांना पान्यालाही हात लावू देत नसत. "अहो, तुमच्या व्हिसात बसत नाही. चहा करा." भाऊजी चहा करायचे. पाहुण्यांना सांगायचे, "मी या कंपनीचा अनधिकृत चहावाला."

कंपनीची नोंदणी घरी बसून, कॉम्प्युटरवर, भाऊजींचा चहा निवायच्या आत झाली. मला वाटलं, झालं, इतकं सोपं असतं! पण बँकेत खातं उघडायला अख्खा उन्हाळा गेला. बँकेला वहिनींच्या राहत्या पत्त्याचा पुरावा हवा होता आणि घरातलं प्रत्येक बिल भाऊजींच्या नावावर. इतकी वर्षं त्या घरात राहत होत्या, पण त्या घरात त्या राहतात हे सांगणारा कागदच कुठे नव्हता. वहिनींनी फोनला चिकटून राहून पाण्याच्या बिलावर आपलं नाव लावून घेतलं. ते बिल आलं त्या दिवशी त्यांनी पेढे केले आणि आम्हा सगळ्यांच्या घरी वाटले. महेशने विचारलं, "वहिनी, गुड न्यूज?" तर म्हणाल्या, "होय तर! थेम्स नदीच्या पाण्याला माझं नाव कळलं."

कंपनीच्या नावावरूनही पुष्कळ सल्ले आले. इंग्रजी नाव ठेवा, लोक घाबरतात, फोनच करत नाहीत, असं अनुभवी मंडळींनी सांगितलं. वहिनींनी सगळ्यांचं ऐकलं आणि 'पंचगंगा मोबिलिटी लिमिटेड' असं नाव ठेवलं. "दारावर नाव कुठलंही लावलं तरी दार वाजवल्यावर समोर मीच उभी राहणार. तेव्हा काय तोंड बदलून आणू?"

मी उमरग्याची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.कॉम.ला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा वडिलांनी एस.टी. डेपोत सगळ्यांना भजी खाऊ घातली होती. रीडिंगला आल्यावर मात्र ती पदवी बॅगेच्या तळाशी गेली. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण बोलायची वेळ आली की मी महेशला पुढे करायची. वहिनींनी एक छोटं वर्कशॉप, इथल्या भाषेत 'युनिट', भाड्याने घेतलं आणि मला तिथलं ऑफिस सांभाळायला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "हिशेब बघीन, पण फोन नको." त्यांनी पहिल्याच दिवशी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि स्वतः खुर्चीखाली शिरल्या. फोन वाजला. मी उचलला आणि म्हटलं, "सॉरी, हॅलो, सॉरी." खुर्चीखालून आवाज आला, "त्यांची खुर्ची मोडलीये. आपण मोडली नाही. सॉरी कशाबद्दल?"

त्या वाक्याने माझं जे काम केलं, ते कुठल्या क्लासने केलं नसतं. हळूहळू मला कळलं की पलीकडचा आवाज माझं व्याकरण तपासायला बसलेला नाही. त्याला फक्त एवढंच हवं आहे की कुणीतरी येईल का आणि कधी येईल. तेवढं मला सांगता येत होतं.

आमचे तिसरे सहकारी कॉलिन. जवळच्याच स्लाउ गावचे इंग्रज, बस दुरुस्तीच्या डेपोतून निवृत्त झालेले, उंचपुरे आणि तोंडाने फटकळ. बायको गेल्यावर घरात बसवेना म्हणून आलेले. वहिनींना ते 'बॉस' म्हणत आणि वहिनी आमच्यात बोलताना त्यांना 'कॉलिनराव'. पहिल्या आठवड्यात ते मला म्हणाले होते, "तुझ्या बॉसचं एक कळत नाही. ती लोकांच्या दारात बूट का काढते? अंघोळीला जातेय का?"

वहिनी प्रत्येक घराच्या दारात बूट काढत. बाहेर चिखल असो, बर्फ असो, घर कितीही पसरलेलं असो. मोज्यांवर आत जात. इंग्रज म्हाताऱ्यांना आधी संकोच वाटे, मग फार आवडे. दुसरी सवय त्याहून जुनी. खुर्ची तपासताना मागच्या नळीवर पाय देऊन ती तिरपी करावी लागते, त्याशिवाय पुढची चाकं उचलली जात नाहीत. वहिनी पाय देत, चाकं बघत, खुर्ची खाली ठेवत आणि मग उजव्या हाताची बोटं खुर्चीला लावून छातीला लावत. आपण पुस्तकाला पाय लागल्यावर करतो तसं. त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही ते नसे. गिऱ्हाइकांना वाटे, ही शेवटची काहीतरी महत्त्वाची तपासणी आहे. एका आजोबांनी तर कॉलिनरावांना हटकलं, "तुम्ही ते शेवटचं हाताचं केलं नाहीत. बाई करतात." कॉलिनराव बडबडत परत फिरले आणि करून आले. त्यानंतर तेही करू लागले. विचारलं तर म्हणत, "गिऱ्हाईक मागतं, मी देतो."

आपल्या लोकांनी मात्र वहिनींना सहज स्वीकारलं नाही. स्टॅनमोरला एका डॉक्टरांच्या घरी हळदीकुंकू होतं. डॉक्टर निवृत्त सर्जन, मोठं घर, मोठा मान. त्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या काकू, सर्वांसमोर म्हणाल्या, "अगं, मिस्टर एवढे आयटीत, आणि तू लोकांच्या खुर्च्या पुसत फिरतेस?" वहिनी हसून म्हणाल्या, "पुसत नाही हो काकू, उघडून नीट करते. पुसायला सांगितलंत तर तेही करीन, पण त्याचं बिल वेगळं." सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण उशिरा.

पुढे त्याच घरून फोन आला. डॉक्टरकाकांचे गुडघे गेले होते, खुर्ची आणली होती, पण ते तीत बसायला तयार नव्हते. वहिनी गेल्या. काकांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. वहिनींनी आपलं हत्यारांचं खोकं उघडलं आणि म्हणाल्या, "काका, तुमची मापं घ्यायचीत. आयुष्यभर दुसऱ्यांना टेबलावर घेतलंत, आज थोडा वेळ स्वतःला माझ्या हाती द्या." काकांनी पेपर खाली ठेवला. खुर्चीची उंची, पाय ठेवायच्या पट्ट्या, पाठ, सगळं काकांच्या मापाचं होईपर्यंत वहिनी उठल्या नाहीत. पुढच्या दिवाळीच्या कार्यक्रमात काका पहिल्या रांगेत खुर्चीसह हजर होते आणि जो भेटेल त्याला ब्रेक दाखवत होते.

त्या कामाचं बिल वहिनींनी पूर्ण पाठवलं. मी चाचरत म्हटलं, "वहिनी, ओळखीत..." त्या म्हणाल्या, "ओळखीत फुकट केलं की माणूस दुसऱ्यांदा बोलवायला लाजतो. मग ब्रेक ढिला झाला तरी तसाच फिरतो आणि एक दिवस पडतो. बिल पाठव. हक्काने बोलावू दे त्यांना."

असं सगळं मार्गी लागत असतानाच भाऊजींच्या ऑफिसने रीडिंगचं काम आटोपतं घ्यायचं ठरवलं. महेशला आणि मला नुकताच इथे कायम राहण्याचा परवाना मिळाला होता, त्यामुळे आमचं निभावलं. भाऊजींचा व्हिसा मात्र वेगळ्या प्रकारचा, कायमच्या परवान्यासाठी न धरला जाणारा; तो त्या नोकरीला बांधलेला, आणि वहिनींचा भाऊजींना. दुसरी नोकरी मिळेना. वहिनी वकिलाकडे गेल्या, मीही बरोबर होते. कंपनी काढणाऱ्या परदेशी माणसासाठी वेगळा व्हिसा आहे, पण त्यासाठी धंदा अभिनव असावा लागतो, असं त्याने समजावलं. दुसऱ्या कुणी न केलेलं काहीतरी. त्याने अतिशय सभ्यपणे सांगितलं, "चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करणं अभिनव आहे असं मला म्हणता येणार नाही."

मला इतका संताप आला की मराठीतच काहीतरी बोलून गेले. वहिनींनी माझ्या हातावर हात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "खरंय त्याचं. मोडलेलं नीट करायचं काम जगाइतकं जुनं आहे." आणि थोडं चालून गेल्यावर, "नवं नाही म्हणून नको आहे असं नाही."

त्यांचं जायचं ठरलं. प्रश्न कंपनीचा होता. कायद्याने त्या इचलकरंजीत बसूनही कंपनीच्या डायरेक्टर राहू शकत होत्या. पण पाना तिथून चालत नाही. वहिनींनी मला आणि कॉलिनरावांना युनिटमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं. "सुटी कामं माझ्या तोंडाकडे बघून येतात. मी गेले की निम्मी थांबतील. एखादं कायमचं काम हातात असलं तरच कंपनी तुमच्या दोघांच्या हातात ठेवून मी जाईन. नाहीतर जाण्याआधी मी स्वतः कुलूप लावणार. अर्धवट उघडलेली खुर्ची मी कधी कुणाच्या घरात सोडून आले नाही."

असं एक कायमचं काम समोर होतं. दवाखान्यातून घरी गेलेल्या माणसांना खुर्च्या उसन्या देणारी आमच्या भागातली एक सेवाभावी संस्था सगळी दुरुस्ती एकाच कंपनीला द्यायची म्हणत होती. तिची माणसं येऊन आधी आमची लेखी कार्यपद्धती तपासणार होती. अशी कार्यपद्धती बहुतेक जण इंटरनेटवरून उचलतात. वहिनी म्हणाल्या, "अश्विनी, माझ्याबरोबर फीर आणि लिही. जे करतो ते लिहायचं. जे करत नाही ते लिहायचं नाही."

मी गावाकडच्या शाळेत शिकलेली; सांगितलं तसं करणारी. मी त्यांच्यामागे घरोघर फिरले आणि बघितलं तसं एकेक पायरी करत लिहिलं. दारात बूट काढणे. खुर्चीवरच्या माणसाला आधी नमस्कार, मग खुर्चीची चौकशी. नळीवर पाय देणे, चाकं बघणे. पायानंतर उजवा हात खुर्चीला लावून स्वतःच्या छातीला लावणे. सगळं सरळ इंग्रजीत. कॉलिनरावांनी वाचलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "हे ठेवणार आहेस?" मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मजकूर पुन्हा वाचला, त्यांचा चेहरा जरा लाल झाला. "मी असं करते?" "दर वेळी," कॉलिनराव म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "करतो तर राहू दे."

तपासणीला दोघं आले. सुरक्षेचं बघणारा ग्रेग नावाचा तरुण, आणि संस्थेच्या मार्गारेटबाई. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत होत्या, केस पांढरे, नजर करवतीसारखी. ग्रेगने टॅब्लेटवर आमची कार्यपद्धती उघडली आणि पहिल्याच ओळीला थांबला. कामाच्या जागी संरक्षक बूट काढणं नियमात बसत नाही. पायावर बॅटरी पडली तर काय? वहिनींनी वाद घातला नाही. "बरोबर आहे. बदलू." मग तो हात छातीला लावायच्या त्या पायरीपाशी आला. त्याने ती मोठ्याने वाचली आणि अवघडून विचारलं, "हे धार्मिक आहे का? तसं असेल तर कामगारांवर किंवा गिऱ्हाइकांवर लादता येणार नाही. हे असं राहिलं तर मला कामाची शिफारस करणं अवघड जाईल."

मला वाटलं, गेलं सगळं. मी बघितलेलं जसंच्या तसं लिहिलं आणि त्याच ओळीने कंपनीला कुलूप लागणार. वहिनी आता बोलतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. हळूच मराठीत म्हणाल्या, "तू लिहिलंयस. तू सांग. मी इथे नसणार आहे."

मी उभी राहिले. मी ग्रेगला माझ्या इंग्रजीत म्हटलं, "हा धर्म नाही. हे मॅनर्स आहेत. आमच्याकडे ज्या वस्तूवर माणसाचं चालतं तिला पाय लागला तर आम्ही माफी मागतो. माझे वडील एस.टी.त होते. स्टेअरिंगला पाय लागला तर ड्रायव्हर हात लावून छातीला लावायचे. या खुर्चीवर एक माणूस पूर्ण दिवस काढतो. आम्हाला तिच्यावर पाय द्यावाच लागतो. म्हणून."

"मी तर स्लाउचा आहे," कॉलिनराव मधेच म्हणाले. "माझ्यावर कुणी लादलेलं नाही. बाईंच्या खुर्चीला लाथ मारल्यावर सॉरी म्हणायला मला कुठला धर्म लागत नाही."

ग्रेगने मार्गारेटबाईंकडे बघितलं. त्या आपल्या खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत होत्या. "लोक माझ्या खुर्चीवर कोट टाकतात," त्या म्हणाल्या. "लिफ्टमध्ये पिशव्या अडकवतात. विचारत नाहीत." थोडं थांबून ग्रेगला, "ते राहू दे. बुटांचं मात्र यांनी केलंच पाहिजे."

वहिनींनी बुटांचं असं केलं की प्रत्येकाला संरक्षक बुटांचा दुसरा जोड घेऊन दिला. तो फक्त घरात घालायचा, दारात बदलायचा, रस्त्यावर कधीही नाही. ग्रेगला हे इतकं पटलं की त्याने त्याचा फोटो काढला. वहिनी मला म्हणाल्या, "हे सोवळ्यातले बूट." आठवड्याभराने ई-मेल आली. काम आम्हाला मिळालं होतं. वहिनी तेव्हा एका स्कूटरच्या पोटात हात घालून बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं, आणि मग कितीतरी वेळ त्यांना हातातला स्क्रू बसवताच येईना.

आता त्यांना जाऊन काही वर्षं झाली. पंचगंगा मोबिलिटीच्या दोन व्हॅन बर्कशायरमध्ये फिरतात. दर सोमवारी सकाळी इचलकरंजीहून व्हिडिओ कॉल येतो आणि डायरेक्टरबाई आधी मला नव्हे, मागे उभ्या केलेल्या खुर्च्या बघतात. तिकडच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात पडलेल्या खुर्च्याही त्यांनी हातात घेतल्या आहेत; भाऊजींना आता पान्याला हात लावायची परवानगी मिळाली आहे. माझे वडील उमरग्यात पारावर बसून सांगतात, "लेक इंग्लंडात कंपनी बघते." पूर्वी मी त्यांना फोनवर दुरुस्त करायची, "अहो बाबा, नुसतं ऑफिस बघते." हल्ली करत नाही. वहिनींना ते आवडलं नसतं. मी जे करते, ते मी करते असं म्हणायला त्यांनीच शिकवलं.

त्या निघाल्या तो दिवस सांगायचा राहिला. वहिनींनी निरोपसमारंभ होऊ दिला नाही. कॉलिनराव टाय बांधून आले होते. त्यांनी सगळ्या बॅगा खुर्च्या बांधायच्या पट्ट्यांनी व्हॅनमध्ये अशा आवळल्या होत्या की हीथ्रो विमानतळावर त्या सोडवतानाच घाम फुटला. भाऊजी बॅगा मोजत होते, चुकत होते, पुन्हा मोजत होते. कॉलिनरावांनी वहिनींशी हात मिळवला, काही बोलायला गेले आणि "ट्रॅफिक फार आहे" असं म्हणून व्हॅनकडे निघून गेले.

मी मनात खूप काही जुळवून आणलं होतं. तुमच्यामुळे मी उभी राहिले, तुम्ही नसता तर, असं बरंच. मी "वहिनी" एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "उद्या पहिलं काम कुठलं?"

"मार्लोच्या आजी," मी डोळे पुसत म्हटलं. "स्कूटर. शनिवारी नातीचं लग्न आहे त्यांच्या."

"बॅटरी नवी लागेल. चार्जिंगला लावलीस?"

"नाही. आज तुम्ही निघणार म्हणून..."

"मग इथे कशाला उभी आहेस? बॅटरी भरायला रात्र लागते. जा की!"

त्या भाऊजींच्या मागून आत गेल्या. कॉलिनरावांनी व्हॅन सुरू केली. युनिट उघडलं, दिवा लावला आणि मी बॅटरी चार्जिंगला लावली.